गाळातला डीएनए: नावांच्या यादीवर भाळू नका

उत्तर ग्रीनलंडमध्ये काप कोबेनहाउनच्या गाळातून सुमारे २० लाख वर्षांपूर्वीचा डीएनए मिळाल्याचं २०२२ मध्ये जाहीर झालं. घोडखेकड्यासारख्या सागरी जीवाचा मागही त्यात होता. तेव्हापासून या विषयाकडे बरेच जण वळताहेत. जरूर वळा, फक्त बर्फापेक्षा प्रयोगशाळेतला परका डीएनए घालवणाऱ्या ब्लीचशीच जास्त संबंध येतो हे धरून चाला.

परका डीएनए मिसळू नये म्हणून कोअरचा (गाळाच्या उभ्या, नळकांड्यासारख्या नमुन्याचा) बाहेरचा थर खरवडणं, स्वतंत्र खोली, प्रत्येक खेपेला ब्लँक (गाळ न घातलेला कोरा नमुना), हे तुम्ही वाचलेलं असणारच. माझा घात झाला तो पुढे, संगणकासमोर.

जीव ओळखायला वापरला जाणारा १८एस जनुकाचा व्ही९ हा भाग जेमतेम १३० अक्षरांचा. जवळच्या प्रजातींमध्ये तो कित्येकदा तंतोतंत सारखा असतो. त्यात आर्क्टिकमधल्या अनेक सूक्ष्मजीवांची संदर्भसाठ्यात (ओळख पटलेल्या जीवांच्या डीएनएच्या संग्रहात) नोंदच नाही. सॉफ्टवेअर मात्र गप्प बसत नाही, जवळात जवळचं नाव चिकटवून देतं. ते नाव उष्ण पाण्यातल्या डायटमचं (एका सूक्ष्म शैवालाचं) निघालं की आपण लगेच लिहितो, ‘या काळात अटलांटिकचं कोमट पाणी आत शिरलं होतं.’ पाणी कुठलं शिरतंय! त्या जीवाचा थंड पाण्यातला भाऊबंद साठ्यात नव्हता, एवढंच.

म्हणून प्रत्येक महत्त्वाची जुळणी उघडून बघा. किती टक्के जुळतंय? दुसरं-तिसरं नाव तितकंच जुळतंय का? तसं असेल तर प्रजाती सोडा, वंशावर किंवा कुळावर थांबा. पीआर२ या संदर्भसाठ्यात त्या गटाच्या किती नोंदी आहेत तेही पाहा. मग त्याच थरातलं आयपी२५ तपासा. समुद्रबर्फात वाढणारे काही डायटम हे रसायन बनवतात, म्हणून ते समुद्रबर्फाची खूण. दोन्हींचा सूर जुळत नसेल तर निष्कर्षाची घाई नको. आणि डीएनए सापडला नाही म्हणजे जीव नव्हता असंही नाही. तो टिकलाच नसेल.

आणखी एक. पीसीआरने (नकला काढून) वाढवलेल्या तुकड्यांच्या टोकांना प्रायमर, म्हणजे आपणच घातलेले छोटे कृत्रिम तुकडे असतात. त्यामुळे जुन्या डीएनएच्या टोकांशी दिसणारी सी या अक्षराच्या जागी टी ही झिजेची खूण तिथे सापडत नाही. त्यासाठी शॉटगन (सगळा डीएनए सरसकट वाचणं) किंवा कॅप्चर (हवे ते तुकडे वेचून वाचणं).

तयार पाइपलाइन (विश्लेषणाच्या प्रोग्रॅमची साखळी) वापरण्यात कमीपणा नाही, पण आत काय चाललंय ते न कळता वापरणाऱ्यांची मला चीड येते. कोडिंग येत नाही म्हणून मात्र घाबरू नका. ते येतं, सगळ्यांनाच उशिरा येतं. मार्गदर्शक निवडताना नामांकित नाव बघण्यापेक्षा गाळ वाचता येणारा माणूस बघा. रेडिओकार्बन वयात सागरी रिझर्व्हॉयरची (समुद्रातल्या जुन्या कार्बनमुळे वय जास्त दिसतं त्याची) दुरुस्ती कशी केली हे ज्याला सांगता येत नाही, त्याच्याकडे जाऊ नका. आणि ब्लँकच्या सिक्वेन्सिंगचा खर्च प्रकल्पात धरलाय का, हे रुजू होण्याआधीच विचारा.