डिस्क भरली? आधी 'आरएम'वरचा हात काढा

सर्व्हरची डिस्क भरली की माणसं थेट झाडलोट करायला घेतात. कुठे काय साठलंय ते बघायचं नाही, दिसेल ते 'आरएम'ने, म्हणजे फाइल काढायच्या कमांडने, उडवायचं. दहा-बारा वर्षं लिनक्सची मशीन्स सांभाळतोय, आणि मला फोन येतात ते दरवेळी त्याच चार-पाच चुकांपायी.

त्यातली सगळ्यात मोठी म्हणजे चालू प्रोग्रॅमने उघडून ठेवलेली फाइल उडवणं, उदाहरणार्थ लॉग, म्हणजे प्रोग्रॅमची रोजनिशी. गौरी-विसर्जनाच्या दिवशी मी गावी होतो आणि टीममधल्या नव्या पोराचा फोन आला.

"दादा, 45 जीबीची लॉग उडवली, तरी डीएफ 100 टक्केच दाखवतंय."

"डीयू काय म्हणतंय?"

"12 जीबी. डिस्क 60ची आहे. मशीन येडं झालंय."

मशीन शहाणंच होतं. डीएफ आणि डीयू या जागा मोजायच्या दोन कमांड. डीएफ फाइल सिस्टिमला, म्हणजे डिस्कवर फाइली मांडणाऱ्या व्यवस्थेला, तिचा हिशेब विचारतं, तर डीयू फोल्डर-फोल्डर फिरून नावं सापडतील तेवढ्या फाइली मोजतं. आरएम फक्त नाव काढतं. प्रोग्रॅमने फाइल उघडी धरली असेल तर डेटा जागचा हलत नाही. दारावरची पाटी काढली म्हणून भाडेकरू घर सोडतो का? डीयूला पाटी दिसत नाही, डीएफला माणूस दिसतो.

हे मी सांगेपर्यंत पठ्ठ्याने मशीन रीबूट केलं. जागा मोकळी झाली. "झालं दादा!" म्हणून फोन ठेवला, का झालं ते विचारलंही नाही. वर शहाणपणा असा की, आरएमची तीच ओळ रोज रात्री चालावी म्हणून क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, टाकली. पहिल्याच रात्री नव्या लॉगचं नाव गेलं आणि प्रोग्रॅम बिननावाच्या फाइलीत निवांत लिहीत राहिला. तीन आठवड्यांनी, रात्री अडीच वाजता, पुन्हा 100 टक्के. या वेळी तर उडवायलाही काही दिसेना, म्हणून घाबरून त्याने जुन्या झिप केलेल्या लॉग उडवल्या. लॉग एवढी का फुगते ते शोधायला नेमक्या त्याच लागणार होत्या.

मी आत शिरून 'सुडो एलएसओएफ +एल1' चालवलं. सुडो म्हणजे कमांड अ‍ॅडमिनच्या अधिकारात चालवणं, आणि '+एल1'मधला एल कॅपिटल. नाव नसलेल्या पण उघड्या फाइली याने दिसतात. आली एकच मोठी ओळ: सुरुवातीला जावा, मध्ये प्रोसेसचा नंबर आणि भलामोठा आकडा, शेवटी कंसात 'डिलीटेड'. तेवढी एक सर्व्हिस रीस्टार्ट केली, जागा परत. मशीन रीबूट करायची काही गरज नव्हती.

चालू लॉग रिकामी करायचीच असेल तर मी 'ट्रंकेट -एस 0' वापरतो. नाव राहतं, आतला माल जातो. प्रोग्रॅम अपेंड मोडमध्ये, म्हणजे दरवेळी फाइलीच्या शेवटाला जोडत, लिहीत नसेल तर तो जुन्याच जागेपासून पुढे लिहितो. मग एलएस (फाइलींची यादी दाखवणारी कमांड) पुन्हा 45 जीबी दाखवतं, पण मधे पोकळी असते, डीयू खरं सांगतं. आणि कायमचा उपाय लॉगरोटेटच, म्हणजे जुन्या लॉग वेळच्या वेळी बाजूला काढून उडवणारं साधन. ते नीट बसवायला अर्धा तास लागतो, म्हणून लोकांना क्रॉन आवडतो.

बाकीच्या चुका पटापट. सुडोशिवाय डीयू चालवू नका. जिथे शिरायची परवानगी नाही ते फोल्डर मोजलंच जात नाही, आणि एरर लपवायची सवय असेल तर ते कळतही नाही. 'डीयू -एसएच *' मध्ये टिंबाने सुरू होणाऱ्या फाइली येत नाहीत, आणि होम फोल्डरमधला अर्धा कचरा डॉट-कॅशमध्ये असतो. यादी 'सॉर्ट -एन'ने लावली तर 900 केबी हे 2 जीबीपेक्षा मोठे ठरतात, 'सॉर्ट -एच' वापरा. रूटवर, म्हणजे '/' या सगळ्यात वरच्या फोल्डरवर, डीयू लावताना एक्स हा पर्याय द्या, नाहीतर ते नेटवर्कवरची डिस्कही मोजत बसतं. मी डोळे झाकून 'डीयू -एक्सएच -डी 1 /' टाइप करतो, मग सगळ्यात जाड फोल्डरमध्ये शिरून तेच पुन्हा. डॉकरच्या (कंटेनर चालवणारं साधन) फोल्डरात हाताने काहीही उडवू नका, कृपा करा.

डीएफ 40 टक्के दाखवतंय, तरी 'नो स्पेस लेफ्ट' येतंय? 'डीएफ -आय' बघा. आयनोड, म्हणजे प्रत्येक फाइलीला लागणारी नोंदीची जागा, संपले असतील. ईएक्सटी4 ही लिनक्सची फाइल सिस्टिम सहसा दर 16 केबीमागे एक आयनोड ठेवते आणि ही संख्या फॉरमॅट करतानाच ठरते. कुणाच्या तरी पीएचपी सेशनच्या लाखो चिमुकल्या फाइली निघतात.

आणि बॅकअपची डिस्क माउंट नसताना, म्हणजे तिच्या फोल्डरला जोडलेली नसताना, बॅकअप चालला, तर तो माल रूटवरच्या त्याच नावाच्या फोल्डरात पडतो. नंतर डिस्क माउंट झाली की तो तिच्याखाली गाडला जातो. डीयूला दिसत नाही, डीएफ ओरडत राहतं. रूट दुसऱ्या फोल्डरवर बाइंड माउंट करून, म्हणजे तेच फोल्डर आणखी एका जागी जोडून, बघितलं की सापडतो.

गणित करणाऱ्यांनी पकडलं असेल: 45 आणि 12 मिळून 57, डिस्क 60ची, मग 3 जीबी कुठे गेले? ईएक्सटी4 मुळातच 5 टक्के जागा रूटसाठी (इथे रूट म्हणजे अ‍ॅडमिन युजर) राखून ठेवते. नुसत्या डेटाच्या मोठ्या डिस्कवर मी 'ट्यून2एफएस'ने ते 1 टक्क्यावर आणतो, कारण 2 टीबीवर 5 टक्के म्हणजे 100 जीबी होतात. सिस्टिमच्या डिस्कवर मात्र हात लावत नाही. त्या रात्री भरलेल्या मशीनवर रूट म्हणून क्रॉनमधली ती ओळ काढून फाइल सेव्ह करता आली, ती त्या 3 जीबीच्या जिवावर.