पोल्ट्री फार्मचं कार्बनचं गणित मांडताय? मग या चुका टाळा

मागे एक जण मला हौसेनं दाखवत होता, शेडमध्ये मीटर धरून, बघा सीओटू (कार्बन डायऑक्साइड) २८०० वरून १९०० पीपीएमवर (हवेच्या दहा लाख भागांत किती भाग) आणला, म्हणजे आपलं उत्सर्जन तिसऱ्या हिश्शानं कमी झालं की नाही. आता त्यानं केलं काय होतं तर एक फॅन जास्त चालू केला होता, बस. हवा जास्त खेळली म्हणून आतलं प्रमाण उतरलं, गॅस तेवढाच बाहेर गेला, उलट वीज वाढली. ही पहिली चूक आणि सगळ्यात कॉमन. मीटरवर दिसतं ते प्रमाण, उत्सर्जन नाही. उत्सर्जन काढायचं तर आत-बाहेरच्या प्रमाणातला फरक गुणिले किती हवा बाहेर गेली, असा हिशोब लागतो, तोही दिवसभराचा, कारण पहाटे दोन फॅन आणि दुपारी आठ फॅन चालत असतात. आणि हवा तापवण्यात खरा वजनदार गॅस म्हणजे नायट्रस ऑक्साइड, तो बाहेरच्या हवेतच साधारण ०.३३ पीपीएम असतो, हातातल्या साध्या मीटरला तो दिसणारच नाही. म्हणून मीटर ठेवा, पण व्हेंटिलेशन तपासायला. उत्सर्जनाचं गणित रजिस्टरमधून निघतं.

तसंच त्या मीटरवरच्या सीओटूतला मोठा भाग कोंबड्यांच्या श्वासाचा असतो. पिकानं हवेतून घेतलेला कार्बन दाण्यातून कोंबडीत आणि परत हवेत, हा फिरता कार्बन आहे, तो हिशोबात धरतच नाहीत. ब्रूडरच्या (पिल्लांना ऊब देणाऱ्या शेगडीच्या) गॅसचा मात्र धरायचा, एलपीजीच्या किलोमागे साधारण ३ किलो आणि जनरेटरच्या डिझेलच्या लिटरमागे २.६८ किलो सीओटू. काही जण गाईम्हशींचे आकडे बघून कोंबडीच्या पोटातलं मिथेन शोधत बसतात, ते नगण्य असतं, आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीच्या) २००६ च्या गाइडलाइन्समध्ये त्याला आकडाच दिलेला नाही. विष्ठेतल्या मिथेनचं वेगळं, त्यावर पुढे येतो.

आता मुद्द्याचं. एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या) २०१३ च्या अहवालात ब्रॉयलरच्या (मांसाच्या कोंबडीच्या) एकूण उत्सर्जनात खाद्याचा वाटा ७८ टक्के आणि अंड्यांच्या बाबतीत ६९ टक्के धरलाय, यात सोयासाठी जंगल तोडून जमीन मोकळी करण्याचाही भाग आला. आणि आपण कमी करायला सुरुवात कुठून करतो, तर बल्बपासून! एक गणित करून बघा. १० हजार पक्षी, २ किलोला विकले, म्हणजे २० हजार किलो जिवंत वजन, एफसीआर (एक किलो वजनाला किती किलो खाद्य लागलं) १.६ म्हणजे खाद्य ३२ हजार किलो. शेडमध्ये ९ वॅटचे १०० बल्ब रोज २० तास ३५ दिवस जाळले तरी ६३० युनिट होतात, युनिटला ०.७ किलो धरला तर ४४० किलो सीओटू. खाद्याच्या किलोमागे कंजूषपणे अर्धा किलोच धरा, तरी खाद्याचे १६ हजार किलो झाले. एफसीआर १.६० चा १.५५ केला तर १ हजार किलो खाद्य वाचतं म्हणजे ५०० किलो उत्सर्जन, सगळे बल्ब विझवून अंधार केला तरी एवढं वाचत नाही. सोलर लावू नका असं म्हणत नाहीये मी, लावा, पण सोलरचा फोटो काढून काम झालं असं समजू नका.

खाद्याच्या आकड्यातच लोक कसे फसतात त्याचा माझाच किस्सा. पहिल्यांदा हिशोब मांडला तेव्हा मी सरळ खरेदीची बिलं जोडली आणि तेवढं खाद्य खाल्लं असं धरलं. पुढच्या बॅचला एफसीआर एकदम ०.११ ने सुधारला, मी खूश, दोघा-तिघांना सांगूनही झालं. मग गोडाऊनच्या वहीत दिसलं की पहिल्या बॅचच्या शेवटी ५० किलोच्या २२ गोण्या उरल्या होत्या आणि त्या दुसऱ्या बॅचनं खाल्ल्या. ११०० किलो! एका बॅचचा एफसीआर ०.०५५ ने वाईट दिसला आणि दुसरीचा तेवढ्यानंच चांगला, प्रत्यक्षात काहीच बदललं नव्हतं. तेव्हापासून लिफ्टिंगच्या दिवशी (पक्षी विक्रीला उचलतात तेव्हा) गोण्या मोजल्याशिवाय आणि सायलो (खाद्याची टाकी) ठोकून बघितल्याशिवाय मी रजिस्टर बंद करत नाही. फीडरखाली सांडलेलं खाद्यही खाल्लेल्यातच धरा, कारण ते पिकवताना उत्सर्जन झालंय ना.

दुसरं, आकडा पक्ष्यामागे काढू नका, किलोमागे काढा. पक्षी दोन दिवस लवकर विकला की पक्ष्यामागचं उत्सर्जन आपोआप कमी दिसतं, त्यात कौतुक काय. ब्रॉयलरला जिवंत वजनाचा किलो आणि लेअरला (अंड्यांच्या कोंबडीला) अंड्यांचा किलो, डझन नको कारण अंड्याचा साइज बदलतो. आणि मर नुसत्या टक्क्यात लिहू नका, कितव्या दिवशी मेला ते लिहा. तिसऱ्या दिवशी गेलेल्या पिल्लानं जेमतेम ४०-५० ग्रॅम खाल्लेलं असतं, बत्तिसाव्या दिवशी उन्हानं गेलेल्या पक्ष्यानं अडीच किलोच्या आसपास खाऊन ठेवलेलं असतं आणि विक्रीत शून्य. टक्केवारीत दोघं सारखेच दिसतात.

सोया कुठून आला ते फीडवाल्याला विचारा. अलीकडे जंगल तोडून केलेल्या शेतातला सोया आणि जुन्या शेतातला सोया यांच्या आकड्यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो, आणि गोणी बघून तो कळत नाही.

खाद्यातलं प्रोटीन कमी करा हा सल्ला सगळेच देतात, बरोबरही आहे, पण अर्धवट अंमलात आणला की अंगाशी येतो. वरच्याच बॅचमध्ये सरासरी २० टक्के प्रोटीन धरलं तर ३२ हजार किलो खाद्यातून १०२४ किलो नायट्रोजन आत गेला (प्रोटीनचा १६ टक्के भाग नायट्रोजन), जिवंत वजनाच्या किलोमागे २९ ग्रॅम धरून ५८० किलो पक्ष्याच्या अंगात राहिला, उरलेला ४४४ किलो विष्ठेतून गादीत (शेडमध्ये खाली अंथरलेल्या भुशात) पडला. प्रोटीन १९ टक्के केलं तर गादीत पडतो साधारण ३९३ किलो. एका टक्क्यात ११ टक्क्यांहून जास्त फरक! पण कधी, वाढ तेवढीच राहिली तर. नुसती सोया पेंड काढून मका वाढवला आणि लायसिन, मेथिओनिन, थ्रिओनिन (प्रोटीनचे गरजेचे घटक) वरून दिलं नाही तर वजन येत नाही, एफसीआर घसरतो आणि जे वाचवलं ते खाद्यात परत जातं. न्यूट्रिशनिस्टला विचारूनच करा. बरोबर जमलं तर बोनस असा की सोया कमी म्हणजे पोटॅशियम कमी, पक्षी पाणी कमी पितो आणि गादी कोरडी राहते.

गादीवर मात्र जरा थांबू, कारण सगळ्यात जास्त घोळ इथे आहे. लोक म्हणतात अमोनिया हा ग्रीनहाऊस गॅस नाही मग त्याचा इथे काय संबंध. नाहीये, खरंय. पण उडालेला अमोनिया आजूबाजूच्या जमिनीवर-पाण्यावर बसतो आणि तिथे त्यातल्या थोड्या नायट्रोजनचा नायट्रस ऑक्साइड होतो, आयपीसीसीच्या डिफॉल्टनुसार (स्वतःचं मोजमाप नसेल तर धरायच्या आकड्यानुसार) १ टक्का. आणि हवा तापवण्यात नायट्रस ऑक्साइड किलोला किलो सीओटूच्या २७३ पट भारी. त्याच ४४४ किलो नायट्रोजनवर गणित केलं तर गादीतून थेट निघणारा नायट्रस ऑक्साइड (डिफॉल्ट ०.१ टक्का) १९० किलो सीओटू एवढा येतो, आणि ४० टक्के अमोनिया होऊन उडाला असं धरलं तर त्यामार्गे ७६० किलोच्या आसपास. चौपट! अमोनियाचा रकाना रिकामा सोडला तर खताच्या हिशोबातला मोठा तुकडाच गायब झाला.

आता हा अमोनिया कसा वाढतो ते बघा. थंडीत गॅस वाचवायचा म्हणून पडदे घट्ट, फॅन बंद. एलपीजी जळताना किलोमागे दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन शेडमध्येच राहतं, हे फार कमी जणांच्या लक्षात असतं. त्यात पक्ष्यांचा श्वास, विष्ठा. चार दिवसात गादी ओली, पापडी धरते, डोळे चुरचुरायला लागतात, मग घाबरून सगळे फॅन एकदम सोडतात आणि वाचवलेला गॅस एका रात्रीत जातो. त्यापेक्षा मिनिमम व्हेंटिलेशन (गरजेपुरती किमान हवा) टायमरवर ठेवा, थोडं पण सतत, आणि गॅस वाचवायचा असेल तर फटी बुजवा. सगळं बंद करून एकच फॅन लावा आणि पातळ कागदाची पट्टी भिंतीच्या, पडद्याच्या कडेनं फिरवत जा, जिथे पट्टी आत ओढली जाते तिथे तुमचा गॅस गळतोय.

गादी तपासायला लॅब लागत नाही. मूठभर घ्या आणि दाबा. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर ओली, जरासा चिकटून भुगा झाला तर ठीक, अजिबात चिकटलीच नाही तर फार कोरडी, धूळ उडणार. २० ते ३० टक्के ओलावा चांगला. एका जागची मूठ घेऊन निर्णय करू नका, निपल लाइनखाली (पक्षी ज्यातून पाणी पितात ती पाइप), भिंतीकडे आणि मधे अशी तिन्हीकडची घ्या. फक्त निपलखालीच ओलं असेल तर दोष हवेचा नाही, लाइनचा आहे, उंची कमी असते किंवा प्रेशर जास्त, पक्षी मान वर ताणून प्यायला पाहिजे, वाकून प्यायला लागला की थेंब खाली पडतातच. पाण्याचं मीटर असेल तर रोज पाणी भागिले खाद्य काढा, १.८ च्या आसपास असतं, उन्हात जास्त, पण हवामान तेच असताना एकदम उडी मारली तर लाइन गळतेय किंवा पोटाचा त्रास सुरू झालाय.

खत बाहेर काढल्यावरच्या चुका थोडक्यात. कोरडं कोंबडखत झाकून ठेवलं तर मिथेन अगदी कमी निघतं, तेच पाण्यानं धुऊन खड्ड्यात सोडलं की हवा न लागता कुजतं आणि मिथेन कितीतरी पटीनं वाढतं. म्हणजे धुऊन स्वच्छ दिसणारी पद्धत इथे घाणीची ठरते. कंपोस्ट करताना त्यात कार्बनवालं काही, भुसा, पाचट, भरपूर मिसळा, नुसत्या कोंबडखताचा ढीग पलटला की अर्धा नायट्रोजन नाकात जातो. बायोगॅस उत्तम, पण नुसत्या कोंबडखतावर प्लांट अमोनियानं बसतो, दुसरं काहीतरी मिसळावं लागतं, आणि जोडातून गळती असेल किंवा स्लरी उघड्यावर पडून असेल तर मिथेन जाळायच्या ऐवजी आपणच हवेत सोडतोय. खत विकलं म्हणून रासायनिक खत वाचल्याचं क्रेडिट पण लगेच घेऊ नका, घेणाऱ्यानं युरिया खरंच कमी टाकला का ते आधी विचारा, बऱ्याचदा तो दोन्ही टाकतो.

बाकी किरकोळ. नायट्रस ऑक्साइड सीओटूच्या किती पट याला जुन्या रिपोर्टमध्ये २९८, मग २६५ आणि आता २७३ असे आकडे सापडतील, कुठलाही एक घ्या पण मागच्या वर्षीचा एका आकड्यानं आणि यंदाचा दुसऱ्यानं असं करू नका. कोल्ड रूम असेल तर वर्षात किती रेफ्रिजरंट (थंड करणाऱ्या मशीनमधला गॅस) भरला ते लिहा, काही गॅस किलोमागे हजारो किलो सीओटूएवढे भरतात. आणि थंडीतली बॅच उन्हाळ्यातल्या बॅचशी लावून बघू नका, ब्रूडरचा गॅसच निम्मा-दुप्पट होतो. आधी वर्षभराच्या सगळ्या बॅचेसची वही नीट भरा, मग पुढच्या वर्षी थंडीची थंडीशी आणि उन्हाळ्याची उन्हाळ्याशी लावा.