पालिकेत काम अडतंय? गोव्यातल्या शहरवाल्यांनो, या चुका टाळा

नळाला पाणी नाही, गल्लीतला दिवा बंद, गटार तुंबलंय, झाड घरावर वाकलंय, आणि या सगळ्यासाठी आपण फोन करतो एकाच माणसाला, नगरसेवकाला. त्याने उचलला नाही की फेसबुकवर फोटो टाकतो, खाली पन्नास जण "असंच चाललंय हो" म्हणून लिहितात आणि गटार तसंच तुंबलेलं राहतं. त्रास खरा असतो, राग पण रास्त असतो. पण वॉर्डातल्या लोकांना अर्ज लिहून द्यायला मी बरीच वर्षं बसतोय त्यामुळे माझं आता ठाम मत झालंय, आपल्या बऱ्याच तक्रारी चुकीच्या टेबलावर गेल्यामुळे आणि तोंडीच राहिल्यामुळे मरतात. त्यातल्या नेहमी दिसणाऱ्या चुका इथे लिहितोय, ज्याला जी लागू पडेल ती घ्या.

घर कुणाच्या हद्दीत आहे तेच माहीत नसणं

हसू नका, हे फार होतं. गोव्यात महानगरपालिका एकच, पणजीची, त्याशिवाय 13 नगरपालिका आणि 191 पंचायती. आता लोक पत्त्यात पणजी लिहितात आणि राहतात ताळगाव पंचायतीत. पर्वरी तर बघायला पूर्ण शहर, विधानसभा तिथे, सचिवालय तिथे, मॉल तिथे, पण कारभार सुकूर, पेन्ह द फ्रान्स, साल्वादोर द मुंद अशा पंचायतींचा. म्हापशाला चिकटून गिरी, मडगावला चिकटून नावेली, तिथलेही लोक "आम्ही म्हापशात, आम्ही मडगावात" असंच सांगतात आणि मग पालिकेच्या लाईनीत अर्धा दिवस उभं राहिल्यावर खिडकीवरचा माणूस सांगतो की हे आमच्याकडे येत नाही.

घरपट्टीची पावती काढून बघा, ती ज्याने दिली त्याच्या हद्दीत तुम्ही. भाड्याने राहत असाल तर मालकाकडून तिची एक झेरॉक्स मागून ठेवा, पुढे दहा कामांना उपयोगी पडते. आणि पंचायतीत निघालात तर एक फायदा आहे तो सोडू नका, ग्रामसभा. जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमधल्या एखाद्या रविवारी ती होते, तिथे उभं राहून विचारता येतं आणि उत्तर इतिवृत्तात येतं. फ्लॅटवाले बहुतेक जातच नाहीत, "ते गाववाल्यांचं" म्हणतात. अहो तुम्ही पण त्याच गावचे मतदार ना? शहरात पालिका असली की ग्रामसभा नाही, तिथे तुमचा नगरसेवक आणि मुख्याधिकारी हे दोनच दरवाजे.

सगळं पालिकेच्या गळ्यात मारणं

पाणी पालिका देत नाही. ते साबांखाचं (सार्वजनिक बांधकाम खात्याचं) काम होतं, आता त्यातून वेगळं काढलेलं पेयजल खातं बघतं. पणजी आणि फोंड्याला पाणी येतं ओपाहून, बार्देशला अस्नोड्याहून, मडगाव-वास्कोकडे साळावली धरणाचं. म्हणून पाणी गेलं की आधी शेजारच्या बिल्डिंगमध्ये विचारा. अख्ख्या भागात नसेल तर वर प्रकल्पात किंवा मोठ्या पाईपलाईनवर काहीतरी झालंय, खात्याला फोन करून कधी येणार ते विचारा आणि बादल्या भरायच्या तयारीला लागा. पण शेजारी आहे आणि तुमच्याकडेच नाही तर खात्याला शिव्या देण्याआधी सोसायटीची जमिनीखालची टाकी, व्हॉल्व्ह आणि पंप बघा, कारण मीटरच्या पुढची लाईन तुमची, तिथे खात्याचा माणूस हात लावणार नाही.

वीज गेली की 1912, आणि फोन करताना बिलावरचा सीए नंबर जवळ ठेवा. रस्त्यावरच्या दिव्यांची देखभाल पण बहुतेक ठिकाणी वीज खातंच करतं, पण तिथे "आमच्या गल्लीतला दिवा" म्हणून काही कळत नाही हो, खांबावर नंबर रंगवलेला असतो तो सांगा. लाईनमन नंबरावरून थेट पोचतो, नाहीतर तो येतो, चालू असलेले दिवे बघतो आणि जातो.

रस्त्याचं जरा किचकट आहे. मोठे रस्ते साबांखाचे, हमरस्ता वेगळ्याच विभागाकडे, आतल्या गल्ल्या पालिकेच्या. त्यात मधेच कुणीतरी केबल किंवा मलनिस्सारणाची लाईन टाकायला खणून ठेवतं. पणजीवाल्यांनी स्मार्ट सिटीच्या कामांत हे पोटभर सोसलंय. अशा वेळी खड्ड्याचा फोटो काढताना तिथे कामाचा बोर्ड असेल तर त्याचा पण फोटो काढा, कंत्राटदार कोण आणि काम कोणत्या खात्याचं ते त्यावर असतं. बोर्ड नसेल तर अर्जात तेच विचारा, की हे खोदकाम कुणाच्या परवानगीने चाललंय. परवानगी कोणी दिली ते सांगणं पालिकेला भाग पडतं आणि तिथून धागा मिळतो.

आणि एक चूक जी आपणच करतो. पावसाचं पाणी गच्चीवरून पाईपने उतरवून थेट मलनिस्सारणाच्या चेंबरात सोडणं. बिल्डिंगच्या बिल्डिंग हे करतात. ती लाईन घरातल्या सांडपाण्याच्या मापाची असते, जूनमध्ये चार तास मुसळधार पडला की चेंबरची झाकणं उचलली जातात आणि तळमजल्यावरच्या माणसाच्या बाथरूममध्ये घाण वर येते. तो बिचारा पालिकेला दोष देतो आणि कारण असतं वरच्या गच्चीवर. पावसाचं पाणी पावसाच्या गटारातच जायला पाहिजे. गटार साफ करायची तक्रार पण एप्रिलमध्येच द्या, मृगाचा पाऊस सुरू झाल्यावर कामगार कमरेभर पाण्यात काय साफ करणार.

तोंडी सांगून येणं

ही माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक. "मी साहेबांना सांगितलंय", "त्यांनी करतो म्हटलंय". साहेबांची बदली झाली की ते सांगणं पण गेलं.

साधा कागद घ्या, मराठीत लिहा, कोकणीत लिहा, चालतं. वर मुख्याधिकाऱ्यांच्या नावे, महानगरपालिका असेल तर आयुक्तांच्या. विषय एका ओळीत. मग कुठे (वॉर्ड, घर नंबर, जवळची खूण), कधीपासून, त्रास काय आणि तुम्हाला काय करून पाहिजे, एवढंच. एका कागदावर एकच तक्रार. लोक एकाच अर्जात कचरा, कुत्रे, पार्किंग, शेजाऱ्याचं बेकायदेशीर शेड सगळं कोंबतात, मग तो अर्ज चार सेक्शनमध्ये फिरत राहतो आणि कुणाचाच होत नाही. खाली नाव, सही, मोबाईल. दोन प्रती. एक इनवर्डला (आवक टेबलावर) द्यायची आणि दुसरीवर तिथल्या क्लार्ककडून शिक्का, नंबर, तारीख आणि सही घ्यायची. शिक्का पुसट उठला तर परत मारून घ्या, संकोच नको, नंबर वाचता येत नसेल तर त्या कागदाचा उपयोग शून्य. पुढच्या वेळी गेलात की "माझ्या तक्रारीचं काय झालं" असं न विचारता "अमुक तारखेचा अमुक इनवर्ड नंबर कोणत्या टेबलावर आहे" असं विचारा, समोरचा माणूस रजिस्टर उघडतोच.

व्हॉट्सॲपवर फोटो पाठवायला हरकत नाही, पण कागद दिल्यावर.

घरपट्टीचा घोळ

फ्लॅट घेतला, सेल डीड रजिस्टर झालं, पेढे वाटले, आणि लोक समजतात झालं सगळं. घरपट्टी मात्र बिल्डरच्या किंवा जुन्या मालकाच्या नावावर तशीच पडून. सेल डीड झाल्यावर पालिकेतलं नाव आपोआप बदलत नाही, त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. एका ओळखीच्या कुटुंबाला हे कळलं ते वीज कनेक्शन नावावर करायला गेल्यावर, तोवर बिल्डरने मधली काही वर्षं भरलेलीच नव्हती आणि थकबाकी दंडासकट त्या घरावर चढलेली. ताबा घेण्याआधीच थकबाकी नाही असा कागद मागा. नाव बदलायला साधारण सेल डीडची प्रत, ओसी (बिल्डिंगचा भोगवटा दाखला), मागच्या भरण्याची पावती असं लागतं, पण जाऊन टॅक्स सेक्शनमधून यादी लिहून आणा, दर ठिकाणी एखादा कागद कमीजास्त असतो.

उलटी चूक पण आहे. "मी वीस वर्षं घरपट्टी भरतोय म्हणजे घर माझं." नाही हो. घरपट्टी हा कर आहे, मालकीचा पुरावा नाही. जमिनीचं बघायचं तर एक-चौदाचा उतारा (गोव्यातला जमिनीचा नोंद-उतारा), शहरात सिटी सर्व्हे झालेला असेल तिथे फॉर्म डी, आणि तिथे नाव लावायला म्युटेशन वेगळं. भाटातली (जमीनदाराच्या बागायतीतली) जुनी घरं, भावाभावांत वाटणी न झालेली घरं, तिथे ही गैरसमजूत पुढे कोर्टापर्यंत नेते. आईवडील आहेत तोवर कागद बघून घ्या.

जन्म-मृत्यूच्या नोंदी

जन्म किंवा मृत्यू जिथे झाला तिथल्या निबंधकाकडे नोंद होते, तुम्ही राहता तिथे नाही. मडगावची सून बाळंतपणाला म्हापशाला माहेरी आली आणि तिथल्या हॉस्पिटलात बाळ झालं तर दाखला मडगाव पालिकेत शोधून मिळणार नाही. 21 दिवसांत नोंद फुकट. 30 दिवसांपर्यंत थोडी लेट फी. त्यानंतर वर्षाच्या आत वरच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी, आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, मग खेपाच खेपा. हॉस्पिटलात झालं तर कळवायची जबाबदारी हॉस्पिटलची, पण घरी कुणी वारलं तर ती घरच्यांची असते आणि दु:खात ते राहून जातं, म्हणून शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आठवण करावी.

बाळाचं नाव ठरलं नाही म्हणून नोंद थांबवू नका. नाव न घालता नोंद होते, बारा महिन्यांत नाव फुकट घालता येतं. पण मग ते घालायला विसरायचं नाही! 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांना शाळा, पासपोर्ट, लायसन्स सगळीकडे जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागणार आहे.

स्पेलिंग हॉस्पिटलच्या फॉर्मवरच तपासा, आईचं नाव आधारवर आहे तसंच. आपल्याकडे तर आजोबांच्या पोर्तुगीज काळातल्या नोंदीत नाईकच्या शेवटी क्यू-यू-ई असतं आणि नातवाच्या आधारवर नुसतं के. त्या जुन्या नोंदी पालिकेत शोधू नका, त्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे.

कचरा

ओला, सुका आणि घरातला धोकादायक कचरा वेगळा द्यायचा हे 2016 पासून देशभर नियमात आहे आणि पणजीत तर त्याच्याही आधीपासून वर्गीकरणाची सवय लावलेली. तरी चुका त्याच. ओला कचरा प्लॅस्टिक पिशवीत गाठ मारून देणं. डायपर, पॅड सुक्यात टाकणं, जे वेगळं करताना कुणीतरी बाई हाताने उचलते. कागदात गुंडाळून, वर खूण करून वेगळं द्या, एवढं तरी आपण त्यांचं देणं लागतो. फुटलेली काच, ट्यूबलाईट, संपलेल्या सेल पण तशाच वेगळ्या.

चवथीनंतर तर बघवत नाही. गणपतीवर टांगलेल्या माटोळीची फळं, पानं, फुलं सगळं जसंच्या तसं कुजणारं, पण बांधलेलं असतं प्लॅस्टिकच्या सुतळीने. पूर्वी केवणीच्या सालीचे दोर असायचे ते मातीत मिसळून जायचे. आता निदान सुतळी कापून काढा आणि मग ओल्यात द्या, अंगण असेल तर माडाच्या मुळात घाला. साळगाव आणि काकोड्याच्या प्रकल्पात ओला कचरा मिसळून गेला की यंत्रं अडतात, आणि सोनसोडोचा कचऱ्याचा डोंगर कसा झाला ते मडगावकरांना सांगायला नको.

झाड तोडायला पालिकेत अर्ज

परवानगी पालिका देत नाही. 1984 च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे ती वन खात्याच्या अधिकाऱ्याकडून घ्यायची, झाड तुमच्या स्वत:च्या जागेत असलं तरी. माड पण त्यात येतो. 2016 मध्ये त्याला वगळलं होतं, लोकांनी केवढं रान उठवलं, आणि 2017 मध्ये तो परत आत आला, म्हणून कुणी "माडाला काय परवानगी लागते" म्हटलं तर ऐकू नका. पावसात झाड पडलंच तर मात्र अर्जबिर्ज नाही, 101 वर अग्निशामक दलाला फोन. वायर तुटलेली दिसली तर 1912 पण लावा आणि वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत जवळ जाऊ नका, पोरांना तर अजिबात जाऊ देऊ नका.

काहीच हललं नाही तर

गप्प बसणं ही शेवटची चूक. दाखले, लायसन्स यांसारख्या बऱ्याच सेवांना 2013 च्या कायद्याने मुदत ठरवून दिलीय, ती उलटली की अपील करता येतं. बाकी तक्रारींना माहिती अधिकार. दहा रुपये फी, "अमुक इनवर्ड नंबरच्या माझ्या अर्जावर आजवर काय कारवाई झाली, फाइलवरच्या नोंदींच्या प्रती द्या" एवढंच विचारा. "का केलं नाही" असं विचारू नका, त्याला उत्तर द्यायला ते बांधील नाहीत, नोंदी मात्र द्याव्याच लागतात. 30 दिवसांत उत्तर यायला पाहिजे. नाही आलं किंवा टोलवाटोलवी केली तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील त्याच कार्यालयातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे, आणि तिथेही नाही झालं तर 90 दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे. प्रत्येक पायरीवर तो शिक्का मारलेला कागद जोडायचा, म्हणून मूळ प्रत कुणाच्या हातात देऊ नका, झेरॉक्सच द्या.