ॲनिमेशनची रेखाटने ऑनलाइन कशी मांडावीत: आधी कागदाच्या कडा वाचवा

ॲनिमेशनचे रेखाटन हा कामाचा कागद असतो. मधे पात्र असते, पण खालच्या पेगच्या (कागद जागेवर धरणाऱ्या खुंट्यांच्या) भोकांत, कोपऱ्यातल्या क्रमांकात आणि बाजूच्या टायमिंगच्या रेघेत (दोन मुख्य चित्रांमधली चित्रे कशी विभागायची ते दाखवणाऱ्या) ते चित्र कुठून कुठे जाते ते लिहिलेले असते. पात्राभोवती क्रॉप केले की हे सगळे जाते. म्हणून चारही कडा आणि त्यांच्याबाहेर अर्धा सेंटिमीटर जागा दिसेल, असेच स्कॅन करा.

१२ फील्डचा (ॲनिमेशनच्या एका ठरलेल्या मापाचा) कागद १०.५ × १२.५ इंचांचा असतो. तो ए-४ स्कॅनरवर मावत नाही, ए-३ लागतो. दोन तुकडे जोडायच्या भानगडीत पडू नका, जोडावर पेन्सिलीची रेघ सरकते. कागद आपोआप ओढणाऱ्या फीडरमधून तर कधीच घालू नका, भोकांपाशी कागद फाटतो.

काचेच्या कडेला पातळ पेग बार (पेग बसवलेली पट्टी) टेपने चिकटवा. ॲक्मे या पेगच्या प्रचलित पद्धतीत मधली पेग गोल, पाव इंची असते आणि दोन्ही बाजूंना ४ इंचांवर चपट्या पेग असतात. कागद पालथा घालून पेगमध्ये अडकवा. झाकण पेगवर टेकले की कागद काचेपासून उचलला जातो आणि तेवढा पट्टा धूसर येतो; अशा वेळी झाकण उघडे ठेवून कागदावर पांढरे जाड कार्ड ठेवा. कागद अर्धपारदर्शक असल्यामुळे हे कार्ड एरवीही हवेच. भोके फाटलेली असतील तर पेगवर ओढाताण करू नका, नंतर संगणकावर जुळवता येते.

६०० डीपीआय, २४ बिट रंगीत, टिफ फाइल. एका कागदाला सुमारे १४० एमबी लागतील. ब्लॅक अँड व्हाइट मोडमध्ये निळ्या पेन्सिलीची कच्ची रेघ पुसली जाते, आणि ॲनिमेटरचा विचार तर तिथेच दिसतो! ऑटो क्रॉप, ऑटो शार्पन, पार्श्वभूमी पांढरी करणे, सगळे बंद करा. कागदाचा पिवळेपणा राहू द्या.

फाइलच्या नावात सीन आणि चित्राचा क्रमांक तीन आकडी लिहा: ००१, ००३. नुसते १, ३ लिहिले तर बऱ्याच गॅलरींत १ नंतर थेट ११ येतो. ‘ऑन टूज’ (प्रत्येक चित्र दोन फ्रेम दाखवून) केलेल्या कामात अनेकदा फक्त विषम क्रमांक असतात. सम क्रमांक गहाळ आहेत असे समजू नका.

वेबसाठी प्रत वेगळी करा: लांब बाजू २००० पिक्सेल, जेपेग, गुणवत्ता ८० ते ८५, एसआरजीबी. लघुचित्र ४०० पिक्सेलचे पुरते. बरीच गॅलरी सॉफ्टवेअर लघुचित्र आपोआप चौकोनी कापतात, त्यात क्रमांक आणि भोके उडतात. सेटिंगमध्ये ‘पूर्ण चित्र बसवा’ हा पर्याय निवडा.

सलग चित्रे असतील तर ती हलती दाखवाच. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर ऑन टूज म्हणजे सेकंदाला १२ चित्रे. जीआयएफमध्ये प्रत्येक चित्राला ०.०८ सेकंद द्या. जुळवणी भोकांवरून करा. नाक किंवा डोळे जुळवले तर जी हालचाल ॲनिमेटरने मुद्दाम काढली तीच नाहीशी होते. विन्सर मॅके यांच्या १९१४ च्या ‘गर्टी’ या ॲनिमेशनपटासारख्या जुन्या कामाच्या चित्रांत पेगची भोके नव्हती, तिथे कोपऱ्यांतल्या फुल्या जुळवायच्या.

चित्राखाली निर्मिती, सीन, चित्र क्रमांक, कागदाचे माप आणि टप्पा लिहा: रफ (कच्चे), क्लीन-अप (स्वच्छ रेघेचे) की इनबिटवीन (दोन मुख्य चित्रांमधले). ॲनिमेटरचे नाव ठाऊक नसेल तर ‘अज्ञात’ लिहा. दिग्दर्शकाचे नाव त्या जागी टाकणे हा ॲनिमेटरवर अन्याय आहे. मागे टिपणे असतील तर मागची बाजूही जोडा. आणि कागद विकत घेतला म्हणजे कॉपीराइट मिळाला असे नाही. हक्कधारकाची परवानगी आधी घ्या.

रंगवलेले सेल (पारदर्शक प्लास्टिकवरची चित्रे) मात्र या रीतीने स्कॅन करू नका. काचेवर दाबले की रंग चिकटून पोपडे निघतात. ते आडवे ठेवून, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत प्रकाश देऊन वरून फोटो काढा.