नव्या लिनक्सवर वाय-फाय दिसत नाही, पडदा काळा राहतो: दोष शोधण्याचा क्रम

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा सपोर्ट संपला आणि चांगल्या चालत्या जुन्या लॅपटॉपवर उबंटू किंवा लिनक्स मिंट (लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमच्या आवृत्त्या) बसवण्याचा विचार अनेकांच्या मनात आला. इन्स्टॉलेशन आता फारसे अवघड राहिलेले नाही. मात्र मशीन पहिल्यांदा सुरू केल्यावर वाय-फायची यादी रिकामी दिसणे किंवा लॉगिनच्या आधीच पडदा काळा होणे, या दोन तक्रारी हमखास येतात. अशा वेळी इंटरनेटवर सापडेल ती कमांड टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करण्याच्या खिडकीत) चिकटवत बसल्यास मूळ दोष तसाच राहतो आणि त्यावर दोन नवे दोष चढतात. त्यापेक्षा तीन प्रश्न क्रमाने विचारावेत: कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, ते हार्डवेअर दिसते का, दिसत असल्यास त्याला ड्रायव्हर (ते हार्डवेअर चालवणारे सॉफ्टवेअर) लागला आहे का, आणि ड्रायव्हरही लागला असल्यास सेटिंग कुठे चुकले आहे.

पडदा आणि नेटवर्क दोन्ही रुसले असतील तर आधी पडदा तात्पुरता चालता करावा, मग नेटवर्क सोडवावे आणि ग्राफिक्सचा कायमचा ड्रायव्हर सर्वांत शेवटी बसवावा, कारण तो डाउनलोड करण्यासाठी इंटरनेट लागतेच.

पडदा तात्पुरता चालता करण्यासाठी मशीन सुरू होताना एस्केप की दाबून ग्रबचा, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रामचा, मेनू आणावा. जुन्या बायोस पद्धतीने सुरू होणाऱ्या मशीनवर त्यासाठी शिफ्ट की दाबून धरावी लागते. मेनूत उबंटूच्या ओळीवर असताना ई दाबल्यावर बूटचा (मशीन सुरू होण्याच्या सूचनांचा) मजकूर दिसतो. त्यातील 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'क्वाएट स्प्लॅश' असे शब्द असतात; त्यांच्यापुढे एक जागा सोडून 'नोमोडसेट' हा शब्द सलग, इंग्रजी छोट्या अक्षरांत लिहावा आणि एफ१० दाबावे. आता पडदा उजळला, पण रिझोल्युशन कमी आणि खिडक्या सरकवताना अडखळत असतील, तर दोष ग्राफिक्स ड्रायव्हरचाच आहे हे जवळपास नक्की झाले. हा बदल त्या एका बूटपुरताच टिकतो आणि तेच बरे. अनेक मार्गदर्शक तो ग्रबच्या फाइलमध्ये कायमचा लिहायला सांगतात. तसे केल्यास इंटेल आणि एएमडीचे चांगले ड्रायव्हरही कामाला लागत नाहीत आणि मशीन विनाकारण संथ राहते.

आता नेटवर्क. लॅनची केबल जवळ नसेल तर अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडून फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग सुरू करावे. लिनक्सला तो फोन साध्या लॅन कार्डासारखा दिसतो आणि बहुधा वेगळा ड्रायव्हर लागत नाही. त्यानंतर टर्मिनल उघडून एलएसपीसीआय ही कमांड, पुढे एक जागा सोडून वजाचे चिन्ह आणि त्याला लागून एनएनके, अशी सर्व छोट्या इंग्रजी अक्षरांत टाइप करावी. येणाऱ्या लांबलचक यादीत 'नेटवर्क कंट्रोलर' असे लिहिलेली ओळ शोधावी. तिच्या शेवटी चौकटी कंसात विसर्गाच्या खुणेने जोडलेले दोन आकडे असतात आणि त्यांतला पहिला उत्पादक सांगतो: ८०८६ म्हणजे इंटेल, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, १०ईसी म्हणजे रियलटेक. त्याखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' अशी ओळ असेल तर ड्रायव्हर लागला आहे. ती ओळच नसेल तर कार्ड दिसते आहे, पण त्याला चालवणारे कोणी नाही. यूएसबीचे वाय-फाय डोंगल या यादीत येत नाही. त्यासाठी एलएसयूएसबी ही कमांड वापरावी.

ब्रॉडकॉमच्या बाबतीत ड्रायव्हर नसणे नेहमीचेच आहे. उबंटूमध्ये 'अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स' आणि मिंटमध्ये 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडल्यास योग्य ड्रायव्हर सुचवला जातो. तो निवडून मशीन पुन्हा सुरू करावे. ड्रायव्हर लागूनही वाय-फाय उठत नसेल तर कर्नलच्या नोंदी दाखवणारी डीएमईएसजी ही कमांड सुडोसह (म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने) देऊन फर्मवेअर, म्हणजे कार्डाच्या आत चालणारा छोटा प्रोग्राम, हा शब्द शोधावा. तिथे फर्मवेअर लोड न झाल्याची आणि 'एरर उणे २' अशी नोंद असल्यास त्याचा अर्थ एवढाच की ती फाइल डिस्कवर सापडली नाही. डेबियन या दुसऱ्या लिनक्सच्या जुन्या आवृत्त्यांत हे सर्रास होत असे. २०२३ साली आलेल्या डेबियन १२पासून अशा फाइली अधिकृत इन्स्टॉलरमध्येच दिल्या जातात.

ड्रायव्हर आणि फर्मवेअर दोन्ही ठीक असतील तर वाय-फाय कुठे बंद करून ठेवले आहे हे दाखवणारी आरएफकिल लिस्ट ही कमांड पाहावी. 'सॉफ्ट ब्लॉक्ड'पुढे होकार असेल तर आरएफकिल अनब्लॉक वायफाय या कमांडने तो हटतो. 'हार्ड ब्लॉक्ड'पुढे होकार असेल तर लॅपटॉपच्या कडेचे बटण किंवा कीबोर्डवरची विमानाची की शोधावी, कारण तिथे कोणतीही कमांड चालत नाही. विंडोज शेजारी ठेवले असेल तर त्यातले फास्ट स्टार्टअप (विंडोज लवकर सुरू करण्याची सोय) बंद करावे. ते चालू असल्यास काही कार्डे अर्धवट झोपेत राहतात.

वाय-फाय जोडलेले दिसते पण पाने उघडत नाहीत, अशा वेळी ८.८.८.८ या पत्त्याला पिंग करावे, म्हणजे त्याचे उत्तर येते का ते पाहावे. उत्तर आले आणि संकेतस्थळाच्या नावाला मात्र आले नाही, तर दोष नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या डीएनएस या सेवेचा आहे. जोडणीच्या आयपीव्ही४ सेटिंगमध्ये डीएनएसचा पत्ता हाताने भरल्यास काम होते. मशीन जुने असेल तर घड्याळही तपासावे. मदरबोर्डवरची बॅटरी संपल्याने तारीख काही वर्षे मागे गेली असेल, तर ब्राउझर सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे नाकारतो आणि सॉफ्टवेअर अपडेटही अडते. माणूस मात्र राउटरला दोष देत बसतो.

नेटवर्क मिळाल्यावर ग्राफिक्सकडे वळावे. एनव्हिडियाचे कार्ड असेल तर ड्रायव्हर कंपनीच्या संकेतस्थळावरून न आणता 'अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स'मधूनच घ्यावा, म्हणजे कर्नल बदलला तरी तो सहसा सोबत जुळवला जातो. जीफोर्स ६०० आणि ७०० मालिकेतील बहुतेक कार्डांसाठी ४७० ही शेवटची ड्रायव्हर मालिका आहे. त्याहून जुन्या कार्डांवर नूव्हो या मुक्त ड्रायव्हरवर समाधान मानणे शहाणपणाचे. सिक्युअर बूट (मान्यता नसलेले ड्रायव्हर रोखणारी सुरक्षा) चालू असेल तर इन्स्टॉल करताना एक पासवर्ड विचारला जातो आणि पुढच्या बूटला निळा पडदा येतो. तो जेमतेम दहा सेकंद थांबतो. तेवढ्यात कोणतीही की दाबून 'एनरोल एमओके' निवडावे आणि तोच पासवर्ड द्यावा. ही संधी हुकल्यास ड्रायव्हर इन्स्टॉल होऊनही लोड होत नाही, आणि कारण कुठेही ठळकपणे दिसत नाही. अशा वेळी सिक्युअर बूट बंद करण्याचा मार्ग आहे, पण शेजारच्या विंडोजवर बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) असेल तर त्याची रिकव्हरी की आधी हाताशी ठेवावी.

बाहेरच्या मॉनिटरवर रिझोल्युशन १०२४ बाय ७६८च्या वर जात नसेल तर ड्रायव्हरला हात लावण्यापूर्वी केबल बदलून पाहावी. मॉनिटर आपली क्षमता व्हीजीए केबलच्या १२ आणि १५ क्रमांकांच्या पिनांवरून संगणकाला कळवतो. स्वस्त केबलमध्ये किंवा कन्व्हर्टरमध्ये या तारा नसल्या तर संगणक अंदाजाने कमी रिझोल्युशन धरतो.

सगळे सुरळीत झाल्यानंतर एखाद्या अपडेटने पडदा पुन्हा काळा झाला, तर ग्रबमधील 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जाऊन आधीचा कर्नल निवडावा. त्यावर मशीन नीट चालत असेल तर नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर तयार झालेला नाही असे समजून तो पुन्हा इन्स्टॉल करावा, आणि तोवर जुना कर्नल काढून टाकू नये.