नदीखोऱ्याचा टोपो नकाशा वाचताना या चुका टाळा

शहर नदीकडे सरकायला लागलं की लोक खोऱ्याचे टोपो, म्हणजे जमिनीचे चढउतार दाखवणारे, नकाशे काढून बघतात, चांगलंच आहे, पण बघतात कसे तर फोनवर झूम करून निळी रेघ शोधायची आणि आपली जागा तिच्यापासून लांब दिसली की झालं.

माझं डोकं सगळ्यात जास्त यानेच फिरतं. निळी रेघ म्हणजे सर्व्हेच्या वेळी तिथे असलेला प्रवाह. पुढे नाला बुजवला, पाइप टाकून वर रस्ता केला की नव्या नकाशातून रेघ जाते, उतार मात्र जात नाही. ओळखीच्या एकांनी प्लॉट घेताना मला नवा नकाशा दाखवला, "बघा, नाला नाहीच." कंटूर, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघा, बघितले तर एकामागोमाग एक व्हीसारखे वळलेले आणि सगळ्यांची टोकं चढाकडे. टोक चढाकडे असेल तर घळ, उताराकडे असेल तर डोंगराची सोंड, एवढं तरी पाठ पाहिजे. जुनं शीट काढलं तर नाला बरोबर प्लॉटमधून! तरी घाई होती म्हणून घेतलाच. घर झालं आणि पहिल्याच मोठ्या पावसात तळमजल्यात पाणी, तेही नदीचं नव्हे, वरच्या उतारावरून आलेलं.

मी आधी समासातलं सर्व्हेचं साल बघतो, छपाईचं नाही, दोन्हीत बरीच वर्षं जाऊ शकतात. मग पेन्सिलने व्हींची टोकं जोडतो, निळ्या रंगाकडे शेवटी बघतो. वेळ जातो, जाऊ दे.

दुसरं म्हणजे कंटूर इंटरव्हल, दोन लागोपाठच्या कंटूरमधला उंचीचा फरक. तो २० मीटर असेल तर काठच्या सपाट पट्ट्यात बऱ्याचदा एकही रेघ नसते आणि लोक म्हणतात सगळं एकाच लेव्हलला आहे. अहो, ५०१ आणि ५१९ मीटरवरच्या जागा दोन्ही ५०० आणि ५२० च्या मधेच येतात! पूर ३ मीटर चढला तरी घरं बुडतात, मग पूररेषा यावरून कशी काढणार? जागेवर लेव्हल घ्यावीच लागते. एसआरटीएमचा, म्हणजे अंतराळयानातून रडारने मोजलेल्या उंचीचा, फुकट डेटाही चालत नाही, तो २००० सालचा, साधारण ३० मीटरच्या चौकोनाला एक आकडा, त्यात झाडं-इमारतींची उंचीही मिसळलेली.

झेरॉक्स मोठी केली की १:५०,००० हा स्केलचा आकडा चुकतो, छापलेली स्केलपट्टी बरोबर राहते. डावा-उजवा काठ प्रवाहाच्या दिशेला तोंड करून ठरवा. जीपीएसचा पॉइंट टाकण्याआधी डेटम (अक्षांश-रेखांश ज्या आधारावर मोजतात तो) नकाशाशी जुळवा, नाहीतर तो शेकडो मीटर सरकू शकतो. आणि रस्त्याची रुंदी नकाशावर मोजू नका, १:५०,००० ला १ मिलिमीटरची रेघ म्हणजे ५० मीटर होतात.