‘सरासरी’ ऐकली की आधी विचारा, कुठली?

शाळेत मध्य, मध्यक आणि बहुलक असे तीन प्रकार शिकलेलो असतो आपण, पण बाहेर सगळे नुसतं ‘ॲव्हरेज’ म्हणतात आणि ज्याला जो आकडा सोयीचा तो तेवढाच पुढे करतो.

एक छोटं ऑफिस धरा. सात जण, पगार हजारांत १८, २०, २०, २२, २५, ३० आणि साहेबांचा २८५. बेरीज ४२०, भागिले सात, मध्य आला ६०. आता जाहिरातीत ‘सरासरी पगार ६० हजार’ टाकलं तर ते खोटं नाहीये, फक्त साहेब सोडले तर ३० च्या वर कोणीच नाही! म्हणून आकडे चढत्या क्रमाने लावा आणि बरोबर मधला उचला, २२, हा मध्यक. सगळ्यात जास्त वेळा आलेला २०, हा बहुलक. मध्य आणि मध्यकात एवढी दरी दिसली की समजायचं, टोकाला बसलेला कोणीतरी आकडा आपल्याकडे ओढतोय.

पण मध्यकही काही साधा भोळा नाही. साहेबांचे २८५ चे ६०० झाले तरी तो २२ वरच, हूं की चूं नाही. आणि दर महिन्याला पगाराला किती पैसे लागतील ते बघायला २२ गुणिले ७ केलंत तर १५४ हजार बाजूला ठेवाल, वरचे २६६ कुठून आणणार? जिथे एकूण रक्कम हवी तिथे मध्यच लागतो, बाकी काही चालत नाही.

मला सगळ्यात पटलेलं उदाहरण स्टीफन जे गूल्ड या जीवाश्मशास्त्रज्ञाचं. १९८२ मध्ये त्यांना मेसोथेलिओमा हा कॅन्सर निघाला, जगण्याचा मध्यक होता ८ महिने. आपण वाचलं असतं तर ‘संपलं, आठ महिने’ असंच वाटलं असतं ना? पण त्याचा अर्थ एवढाच की अर्धे पेशंट ८ महिन्यांच्या आत जातात, उरलेले अर्धे त्यानंतर किती वर्षं काढतील ते हा आकडा सांगतच नाही. गूल्ड २००२ पर्यंत जगले आणि गेले ते वेगळ्याच कॅन्सरने.

रेटिंग बघताना तर सरासरी बाजूलाच ठेवा. ५० जणांनी ५ स्टार, ५० जणांनी १ स्टार दिले, तर मध्य ३, मध्यकही ३ (आकडे सम असले की मधले दोन, इथे १ आणि ५, यांचा मध्य घेतात), आणि ३ स्टार एकानेही दिलेले नाहीत. इथे बहुलक कामाला येतो कारण ते दोन निघतात, १ आणि ५, म्हणजे लोकांचे सरळ दोन गट पडलेत. खालचा स्टारनिहाय तक्ता उघडा आणि १ स्टारवाल्यांची तक्रार वाचा, ती तुम्हाला लागू होते का तेवढं बघायचं.